प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? कर्वेनगरातल्या एका घराचा निर्णय

पार्श्वभूमी

कुटुंब पुण्यातलं, कर्वेनगरचं. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. इथे त्यांना दादा आणि वहिनी एवढंच म्हणतो. दादा चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात आहेत. रोजचं जाणं-येणं मिळून साधारण ८० किलोमीटर. वहिनी बँकेत, त्यांचं स्कूटरवर भागतं. मुलगा अकरावीला. दादांचे वडील, अण्णा, देवरुखजवळच्या गावी एकटे राहतात. त्यामुळे गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना आणि अधूनमधून अण्णांची तब्येत, अशा कारणांनी कोकणात जाणं ठरलेलं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, संगमेश्वर करत गेलं की एका बाजूला सुमारे २८० किलोमीटर.

घरी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. नाशिक फाटा ते चाकण या गर्दीत ती लिटरला १४ च्या पुढे जात नव्हती. महिन्याला २,००० किलोमीटर आणि पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, म्हणजे दरमहा १५,००० रुपये नुसते टाकीत जायचे. २०२५ च्या गुढीपाडव्याला नवीन गाडी घ्यायची असं घरात ठरलं होतं.

सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वीजजोडणी करून देणं हे माझं काम. दादांनी मला बोलावलं ते गाडी निवडायला नाही, पार्किंगमध्ये पॉइंट निघतो का एवढं बघायला. पण ते बघता बघता सगळं प्रकरणच समोर आलं, आणि त्यांच्या संमतीनं ते इथे मांडतो आहे.

अडचण

दादांची बहीण जर्मनीत असते. तिच्याकडे कंपनीनं दिलेली प्लग-इन हायब्रिड आहे. फेब्रुवारीत ती पुण्यात आली तेव्हा तिनं गाडीचं इतकं कौतुक केलं, की दादांच्या मनानं तेच घेतलं: रोज विजेवर चाकण, सणाला पेट्रोलवर कोकण, एकाच गाडीत दोन्ही.

प्लग-इन हायब्रिडमागचा विचार खरोखर चांगला आहे. गाडीत इंजिन असतं आणि बाहेरून चार्ज करता येईल अशी मध्यम आकाराची बॅटरीही असते, बहुतेक १३ ते २० युनिटांची (बिलातलं तेच युनिट, म्हणजे एक किलोवॅट-अवर). तिच्यावर ५० ते ८० किलोमीटर जाता येतं आणि त्यानंतर इंजिन सुरू होतं. चीनच्या बीवायडीनं अशी पहिली गाडी २००८ च्या डिसेंबरात विकायला काढली, अमेरिकेत शेवर्लेची व्होल्ट २०१० मध्ये आली. कल्पना नवी नाही.

दादांच्या गरजा तीन होत्या. चाकणचा खर्च कमी व्हावा. रात्री-अपरात्री अण्णांचा फोन आला तर गाडी काढून निघता यावं. आणि सोसायटीत पार्किंगची जागा एकच आहे, त्यात सगळं बसावं. या तिन्हींना एकच गाडी पुरेल का, हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत होते. पार्किंगमध्ये सॉकेट मिळणार का, हा त्याआधीचा प्रश्न मात्र कोणत्याच शोरूमनं त्यांना विचारला नव्हता.

पर्याय कसे तोलले

प्लग-इन हायब्रिडचा पर्याय लवकर बाद झाला. आपल्याकडे अशा गाड्या आहेत, पण त्या महागड्या वर्गात. बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या शेवटी इथे आली ती अडीच कोटींच्या पुढच्या किमतीला. वीस लाखांच्या आतबाहेर बजेट असलेल्या घरासाठी २०२५ मध्ये बाजारात एकही प्लग-इन हायब्रिड नव्हती. दादा म्हणाले, येईल की वर्ष-दोन वर्षांत, थांबू. तेव्हा मी त्यांना बहिणीला एकच गोष्ट विचारायला सांगितली: आठवड्यातून किती वेळा चार्जिंगला लावतेस? उत्तर प्रामाणिक आलं. तिला कंपनीचं पेट्रोल कार्ड आहे, चार्जिंगची वीज मात्र स्वतःच्या खिशातून. त्यामुळे केबल बहुतेक वेळ डिकीतच असते.

तिचं हे वागणं जगावेगळं नाही. जर्मनीत कंपनीच्या गाडीच्या खाजगी वापरावर दरमहा यादी-किमतीच्या एक टक्क्यावर कर लागतो. अटींत बसणाऱ्या प्लग-इन हायब्रिडला तो अर्ध्या टक्क्यावर. करासाठी गाडी घेतली जाते आणि चालते पेट्रोलवर. युरोपियन आयोगानं २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष इंधनवापराची माहिती गोळा करून २०२४ मध्ये मांडली. त्यात साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या अधिकृत चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला, प्लग-इन हायब्रिडचा जवळजवळ साडेतीन पट. गाडीत खोट नव्हती, ती सॉकेटपर्यंत पोचत नव्हती. चार्ज न केलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी.

दुसरा पर्याय स्ट्राँग हायब्रिडचा, टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटारा या जातीचा. अनेक घरांत या गाडीला 'हायब्रिड' म्हणून प्लग-इनच्या रांगेत बसवतात. ते चूक आहे. तिची बॅटरी पाऊण युनिटाची, ०.७६ किलोवॅट-अवरची. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती साठवायची आणि गाडी हलताना परत वापरायची, एवढंच तिचं काम. बाहेरून चार्ज करायची सोयच नाही. पण ते काम ती उत्तम करते. प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. दादांच्या रस्त्याला आम्ही २० धरलं, म्हणजे महिन्याला १०,४०० रुपये. पॉइंट नको, सोसायटीची परवानगी नको, कोकणची काळजी नको. पार्किंगमध्ये चार्जिंग मिळत नसेल त्या घरानं आजही हीच घ्यावी असं माझं मत आहे, आणि ते मी दादांनाही सांगितलं.

तिसरा पर्याय पूर्ण इलेक्ट्रिक, ४५ युनिटांच्या बॅटरीची छोटी एसयूव्ही. प्रमाणित पल्ला साडेचारशेच्या वर, पण चौघं बसून हायवेला एसी लावून २८० ते ३०० धरावा. चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटात ६ किलोमीटर. महिन्याला सुमारे ३३० युनिटं.

खरा घोळ या युनिटांच्या दरात आहे. महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात, आणि ३०० च्या पुढचा दर चांगलाच चढा असतो. दादांच्या घरी आधीच २०० युनिटं जळत. त्यांत गाडीची ३३० मिसळली तर गाडीचा वाटा ५,००० रुपयांच्या घरात जात होता. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेतली तर तीच वीज सगळे आकार धरून ९ रुपयांना, म्हणजे ३,००० रुपयांत. आणि रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर गेलं तर युनिटला २२ रुपये, महिन्याला ७,३०० रुपये. वर रोजचा अर्धा-पाऊण तास. त्या शेवटच्या हिशोबात इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांतला फरक महिन्याला तीन हजारांवर येतो, आणि एवढ्यासाठी कोणी रोज रांगेत उभं राहू नये.

चौथा पर्याय वहिनींचा. जुनी गाडी विकायची कशाला? एक्स्चेंजमध्ये तिचे पावणेदोन लाख येत होते. वहिनींचं म्हणणं असं: रोजचं काम विजेवर, अडीनडीला पेट्रोल, हेच तुम्हाला एका गाडीत हवंय ना? मग ते दोन गाड्यांत वाटून घ्या. बाजारात न मिळणारी प्लग-इन हायब्रिड त्या घरापुरती अशी तयार होत होती. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा विचार मला हाच वाटतो.

मुलानं धुराचा हिशोब मांडला. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. २० च्या मायलेजला किलोमीटरमागे ११५ ग्रॅम. आपल्या ग्रीडमध्ये कोळसा जास्त असल्यानं एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो, ६ किलोमीटरला भागलं तर ११७ ग्रॅम. दोन्ही जवळजवळ सारखे! त्याचा चेहरा पडला. तेलविहिरीतून पंपापर्यंत पेट्रोल आणतानाचा धूर धरला तर हायब्रिडचा आकडा वाढतो, ग्रीडमध्ये सौर वीज वाढेल तसा इलेक्ट्रिकचा उतरतो, आणि चाकण चौकात उभ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मागे धूर नसतो. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण आज महाराष्ट्रात इलेक्ट्रिक घेतली की धूर शून्य झाला असं समजणं खरं नाही, आणि अकरावीतल्या मुलानं ते स्वतः काढलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

निर्णयाचे टप्पे

पाडवा असाच गेला. सोसायटीचं परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय बुकिंग करू नका, असा माझा आग्रह होता. एका विक्रेत्यानं इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखापर्यंत आयकर सवलत मिळते असं सांगून त्यांना घाईत आणलं होतं. ती कलम ८० ईईबीची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. दादांनी आपल्या सीएला फोन केला आणि विषय तिथेच संपला. उलट ज्या सवलती खऱ्या होत्या त्या कागदावर स्पष्ट होत्या: इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ. हायब्रिडला आपल्या राज्यात ही माफी नाही. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के कर भरावा लागतो, तोच तिलाही. ऑन-रोड किमतीत ती दीड-दोन लाखांनी वर जात होती. गाडी मोठी होती हेही खरं.

सोसायटीच्या कार्यकारिणीत तीन हरकती आल्या. लोड वाढेल, आग लागेल, आणि केबल दुसऱ्याच्या पार्किंगवरून कशी न्यायची. पहिल्या दोन हरकतींना उत्तर होतं. दादांना रोज १३-१४ युनिटं भरायची, म्हणजे १६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर साडेचार तास. ७ किलोवॅटच्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवरच्या वेगळ्या चार्जरची, गरजच नव्हती. रात्री अकरानंतर लिफ्ट आणि पाण्याचे पंप जवळजवळ बंद असतात, तेव्हा हा भार सोसायटीला जाणवतही नाही. आगीच्या भीतीला उत्तर म्हणजे मंजूर नकाशा, योग्य जाडीची केबल आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गॅलरीतून वायर सोडणाऱ्यांना मात्र मी स्वतः विरोध करतो. केंद्राच्या २०२४ च्या वीज ग्राहक हक्क नियमदुरुस्तीनं चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे, तो कागद सचिवांच्या हातात दिला. केबलच्या वाटेचा प्रश्न मात्र माणसांचा होता. ज्या आजोबांच्या पार्किंगवरून ती जाणार होती, त्यांच्याकडे वहिनी दोनदा जाऊन बसल्या. पत्र जुलैत मिळालं.

तिसरा टप्पा गणपतीचा. दादा जुन्याच गाडीनं गावी गेले, पण वाटेतल्या प्रत्येक चार्जरशी थांबून मुलानं नोंद केली: चालू की बंद, शेजारी स्वच्छतागृह आहे का, रात्री दिवा असतो का. साताऱ्यापर्यंत चिंता नव्हती. उंब्रजला पाटणकडे वळलं की चार्जर विरळ, आणि नकाशावर दिसणाऱ्यांपैकी काही बंद होते. कोकणात इलेक्ट्रिक न्यायची तर बॅटरी हायवेवरच भरून घ्यायची, घाटाच्या भरवशावर राहायचं नाही, हा नियम त्या प्रवासात ठरला.

मग सप्टेंबर आला. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या हायब्रिडवरचा एकूण कर ४३ वरून ४० वर आला, छोट्या पेट्रोल गाड्यांचा १८ वर. दादा पुन्हा डळमळले: नवी छोटी पेट्रोल गाडी घ्यावी का? हिशोब परत केला. किंमत खाली आली होती, पण त्यांचा खर्च किमतीत नव्हता, महिन्याच्या २,००० किलोमीटरमध्ये होता. ज्यांचं महिन्याला ५००-६०० किलोमीटर होतं, त्यांनी त्या आठवड्यात पेट्रोल गाडी घेतली असती तर मी त्यांना योग्यच म्हटलं असतं.

काय केलं

दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी आली. जुनी ठेवली, तिच्यासाठी त्याच आजोबांची रिकामी पार्किंगची जागा महिन्याच्या भाड्यानं घेतली.

मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ६० मीटर आर्मर्ड केबल, वेगळा मीटर, एमसीबी, आरसीसीबी आणि औद्योगिक सॉकेट. सगळं मिळून ३८,००० रुपये. पहिल्या रात्री चार्जिंग सुरूच झालं नाही. चार्जरवर लाल दिवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टमीटर लावला तर १४ व्होल्ट, जिथे दोन-तीनच्या वर नको. इमारत जुनी, अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा. गाडीनं वीज नाकारली ते बरंच झालं. त्याच अर्थिंगवर इतकी वर्षं सगळ्या इमारतीचे गीझर चालत होते. नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी टाकली, आणि व्होल्टेज दीडवर आलं.

गावीही तेच काम केलं. पडवीत १५ अँपिअरचा पॉइंट, मागच्या परड्यात कोळसा-मीठ घालून अर्थिंग. तिथे संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, म्हणून चार्जिंग रात्री दहानंतर आणि १० अँपिअरवरच. रात्रभरात १६-१७ युनिटं, शंभर किलोमीटर. अण्णांना सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. आता गाडी आली की केबल तेच लावतात.

काय निष्पन्न झालं

पहिल्या महिन्यांत चार्जिंगचं बिल ३,००० च्या आसपास राहिलं. पेट्रोलचे १५,००० होते, त्यामुळे बचत महिन्याला १२,०००. त्यातून जुन्या गाडीचा विमा, पीयूसी, देखभाल आणि पार्किंगचं भाडं वजा केलं तरी आठ-नऊ हजार उरतात. मुंबईला गेलं की द्रुतगती मार्गाचा टोल माफ आहे, साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूरचा भरावा लागतो, कारण तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे.

दिवाळीचा प्रवास गणपतीत केलेल्या नोंदींवर झाला. साताऱ्याच्या पुढे जेवायला थांबून बॅटरी ९० टक्के करून घेतली. कुंभार्ली उतरताना आकडा दोन टक्क्यांनी वाढला, येताना चढताना नऊ टक्के गेले. हे घाबरण्यासारखं नाही. १,८०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला जवळपास ३ युनिटं लागतात, गळतीसह साडेतीन. बाकी त्या अंतराचं नेहमीचं. इंजिन असो की मोटर, घाट आपला वाटा घेतोच. फरक एवढाच की इलेक्ट्रिक गाडी उतरताना त्यातलं थोडं परत देते.

कसोटी लागली ती हिवाळ्यात. रात्री साडेअकराला अण्णांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. दादा नुकतेच उशिरा घरी आले होते, इलेक्ट्रिक गाडीत ३५ टक्के होते आणि केबल लावायची राहिली होती. ते जुन्या पेट्रोल गाडीनं निघाले आणि पहाटेच्या आत देवरुखला पोचले. अण्णा आता बरे आहेत. त्या ३५ टक्क्यांवर जेमतेम शंभर किलोमीटर झालं असतं. साताऱ्याच्या अलीकडे तासभर थांबावं लागलं असतं, तेही चार्जर रिकामा मिळाला तर. प्लग-इन हायब्रिडचं खरं बळ अशा रात्रीच दिसतं आणि ते मान्य करायला हवं. वडील किंवा आई लांब एकटी राहत असतील आणि गाडी एकच ठेवणं शक्य असेल, तर पूर्ण इलेक्ट्रिक घेण्याआधी या रात्रीचा विचार करायलाच हवा.

वेगळं काय करता आलं असतं

सोसायटीच्या बाबतीत सगळ्यात जास्त. एका घरासाठी एक केबल टाकण्याऐवजी मीटर रूममधून एकच जाड केबल आणून पार्किंगमध्ये आठ सबमीटरांचं पॅनल बसवावं, हा प्रस्ताव मी जुलैतच ठेवला होता. एका घराच्या गाडीसाठी सगळ्यांनी वर्गणी का काढायची, म्हणून तो बारगळला. त्यानंतर आणखी चार इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आणि पार्किंगच्या छताला पाच केबली समांतर टांगल्या आहेत. एकत्र काम झालं असतं तर प्रत्येकी खर्च निम्म्यावर आला असता.

दादांनी जूनमध्येच एखादी इलेक्ट्रिक गाडी चार दिवस भाड्यानं घेऊन गावी नेली असती, तर सप्टेंबरमधली चलबिचल टळली असती. अर्थिंगची तपासणी गाडी येण्याच्या आधी, सोसायटीच्या पत्राबरोबरच व्हायला हवी होती. आणि चाकणच्या कारखान्यात कामगारांच्या पार्किंगमध्ये १६ अँपिअरचे काही पॉइंट मागायला त्यांनी आता सुरुवात केली आहे. तिथे दिवसा, सौर विजेच्या वेळेत गाडी आठ-नऊ तास नुसती उभी असते. मुलाच्या त्या ११७ ग्रॅमच्या आकड्यात खरा फरक तिथेच पडेल.

जुनी गाडी किती दिवस ठेवायची हे ठरलेलं नाही. वहिनींच्या मते अण्णा पुण्यात राहायला येईपर्यंत. अण्णा यायला तयार नाहीत. सबमीटरच्या पॅनलचा विषय सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत पुन्हा घेतला आहे, आणि या वेळी प्रस्तावावर ज्या आजोबांच्या जागेवरून पहिली केबल गेली त्यांची सही आहे.